भंगार, भांगर आणि जोडशिल्प

प्रश्न : आमच्या फोंडा तालुक्यातील गावी यंदा देवीच्या जत्रेच्या दिवसांत एका शिल्पकाराच्या बारा आकृती ठिकठिकाणी ठेवल्या होत्या. तळीच्या पायऱ्यांवर सायकलच्या साखळ्यांचा मोर होता, वडाच्या पारावर नांगराचे फाळ आणि मंगळुरी कौले जोडून केलेला रेडा होता, आणि शेताच्या बांधावर मानशीच्या, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या दाराच्या, जुन्या फळ्यांतून उभी केलेली एक उंच बाई होती. वस्तू सगळ्या गावातच मिळालेल्या होत्या. समितीने फलकावर ‘भंगारातून साकारलेली शिल्पे’ असे लिहिले, आणि शेजारच्या आजी मला विचारू लागल्या, “भांगराची मूर्त खंय आसा?” त्यांना वाटले, देवीला सोन्याची मूर्ती आली. हसू आले खरे, पण फलकावरचा शब्द मलाही पटला नव्हता. या प्रकाराला मराठीत नेमके काय म्हणावे?

उत्तर : आजींची चूक झालेली नाही, असे मी म्हणेन. कोकणीत ‘भांगर’ म्हणजे सोने, आणि जुन्या मराठीतही ‘भांगार’ हा शब्द सोन्यासाठीच वापरलेला आढळतो. संस्कृतातील ‘भृंगार’ म्हणजे झारी, विशेषतः सोन्याची, आणि त्याचा सोने असाही अर्थ कोशांत दिलेला असतो. आपला ‘भंगार’ मात्र मोडणे-फुटणे या अर्थाच्या ‘भंग’ शब्दाशी जोडला जातो. प्रमाण मराठीतून सोन्याचा ‘भांगार’ मागे पडला आणि मोडक्या लोखंडाचा ‘भंगार’ तेवढा उरला. गोव्यात दोन्ही शब्द जिवंत आहेत. रस्त्याकडेच्या भंगार अड्ड्यावरून जाणारा माणूस घरी भांगराचे दर विचारतो आणि त्याचा गोंधळ होत नाही, कारण एक शब्द तो मराठी वर्तमानपत्रात वाचतो व दुसरा घरात बोलतो. फलकावर, तोही देवळाजवळच्या, हा भेद टिकत नाही.

पण उच्चारसाम्य बाजूला ठेवले तरी ‘भंगार’ येथे नको, कारण तो शब्द विकणाऱ्याचा आणि विकत घेणाऱ्याचा आहे. वस्तूचा उपयोग संपला, आता वजनावर किंमत, एवढेच त्यात अभिप्रेत असते. मानशीची फळी कित्येक वर्षे खाऱ्या पाण्याला तोंड देत उभी होती, हे त्या बाईच्या आकृतीत दिसावे अशी शिल्पकाराची इच्छा असणार. ‘भंगार’ म्हटले की नेमके तेच पुसले जाते. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ हा वाक्प्रचार तर शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला शोभणारा आहे. शिवाय त्यातील ‘टिकाऊ’ खोटे ठरते, कारण उघड्यावरचे लोखंड दोन पावसाळ्यांत गंजणार आणि जत्रा संपली की आकृती उचलल्या जाणार.

फ्रेंचमध्ये या कलाप्रकाराचे नाव ‘ऑब्जे त्रूव्हे’, म्हणजे सापडलेली वस्तू, असे आहे. तेथे भर टाकून देण्यावर नाही, हाती लागण्यावर आहे. आपल्याकडे त्यासाठी सापडणे, गवसणे आणि मिळणे अशी तीन क्रियापदे आहेत, आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘सापडणे’ यात अवचितपणा आहे, पण चोरही सापडतो आणि माणूस कचाट्यातही सापडतो. ‘गवसणे’ यात शोधाचा भाव अधिक आहे. सूर गवसतो, वाट गवसते. ‘मिळणे’ हे इतके सर्वसाधारण आहे की त्यातून पारिभाषिक शब्द उभा राहणार नाही. ‘गवसशिल्प’ अशी घडण मी करून पाहिली, पण ती परिभाषा समितीच्या टेबलावर जन्मल्यासारखी वाटते.

माझा कौल ‘जोडशिल्प’ या शब्दाला आहे, आणि त्याचे कारण ‘जोडणे’ या क्रियापदाच्या दुहेरी अर्थात आहे. आपण दोन तुकडे जोडतो, तसे धन जोडतो, माणसे जोडतो, नाव जोडतो. म्हणजे एकत्र सांधणे आणि हळूहळू मिळवत जाणे, हे दोन्ही त्यात आले. गावभर फिरून फाळ, कौले, साखळ्या जमवायच्या आणि मग त्यांना एका देहात बसवायचे, ही शिल्पकाराची दोन्ही कामे या एका क्रियापदात मावतात. पिकासोने 1942 साली सायकलचे आसन आणि हँडल एकत्र करून बैलाचे डोके केले, ते या अर्थाने निखळ जोडशिल्प आहे. चंदीगढचे नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीचे तुकडे वापरून उभारलेली, 1976 मध्ये लोकांसाठी खुली झालेली बागही याच शब्दात सामावते. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँने 1917 मध्ये प्रदर्शनाला पाठवलेले मुतारीतील भांडे मात्र सामावत नाही, कारण त्याने काही जोडलेच नव्हते. वस्तू निवडली, आडवी ठेवली, सही केली. तेथे क्रिया मांडण्याची आहे.

पुन्हा प्रश्नकर्ता : ‘जोडशिल्प’ आवडला, पण एक शंका आहे. जोडधंदा, जोडरस्ता या शब्दांत ‘जोड’ म्हणजे मुख्य नव्हे ते, पूरक. मग जोडशिल्प म्हणजे दुय्यम शिल्प असा समज होणार नाही का? आणि ‘मांडणशिल्प’ (इन्स्टॉलेशन) हा रुळलेला शब्द का नको?

उत्तर : शंका रास्त आहे, परंतु जोडाक्षराला कोणी दुय्यम अक्षर समजत नाही, ‘जोड’चा कोणता अर्थ घ्यायचा हे पुढचे पद ठरवते, आणि ‘शिल्प’पुढे सांधण्याचाच अर्थ आधी सुचतो. ‘मांडणशिल्प’ हा शब्द चांगला आहे, मात्र तो जागेविषयी बोलतो. बाराही आकृती, त्यांच्यामधली वाट आणि तळीच्या पाण्यातले मोराचे प्रतिबिंब हे सगळे मिळून एक कृती आहे असे शिल्पकाराला म्हणायचे असेल, तर ते मांडणशिल्प ठरेल. एकटा रेडा जोडशिल्पच राहील. शिगम्याला गाव जेथे जमतो त्या मांडाची आठवण या शब्दात येते, ही गोव्यापुरती मिळणारी वरकड गोडी.

आणखी एक मत : ‘मूर्ती’ हा शब्द फलकावर येऊ देऊ नये, एवढीच पुस्ती जोडतो. आपल्याकडे मूर्ती चित्रशाळेत मातीची होते आणि तिची पूजा होते. फाळांच्या रेड्याला मूर्ती म्हटले तर आजींचा गैरसमज पक्का होईल. तसेच माटोळीचे, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या आराशीचे, उदाहरण येथे कोणी देईल, म्हणून आधीच सांगतो की ते लागू पडत नाही. आंबाडे, तोरिंजने, घागऱ्या, सुपारीचे घोस रानातून आणि कुळागरातून शोधून आणतात हे खरे, पण त्या वस्तू ताज्या, हंगामी आणि देवाला वाहिलेल्या असतात, आणि माटोळी ‘बांधतात’, जोडत नाहीत.

प्रत्येक आकृतीखालच्या पाटीसाठी तर नव्या शब्दाची गरजच नाही. चवथीच्या दिवसांत माशेल-कुंभारजुव्याकडे वेगवेगळ्या वस्तूंचे गणपती पाहायला जाणारे लोक ‘करवंट्यांचा गणपती’, ‘काड्यांचा गणपती’ असे सहज बोलतात. षष्ठीचा प्रत्यय सगळे सांगून जातो. तेव्हा पाटीवर ‘साखळ्यांचा मोर’, ‘फाळांचा रेडा’, ‘मानशीच्या फळ्यांची बाई’ एवढेच लिहावे, आणि ‘जोडशिल्पे’ हा शब्द वेशीवरच्या मोठ्या फलकावर एकदाच यावा.