मदत हवी आहे: व्हीटी ते फाउंटन, बाबांच्या चालीने

नमस्कार मंडळी,

बाबा पुढच्या महिन्यात चिपळूणहून आमच्याकडे येतायत. वय ७८, एक गुडघा बदललेला, दुसरा कुरकुरतो. पण यावेळी त्यांचा हट्ट आहे: मुंबईच्या फोर्टातला डी. एन. (दादाभाई नौरोजी) रोड चालत बघायचा. या रस्त्यावरच्या सिद्धार्थ कॉलेजात ते सकाळच्या वर्गांना जायचे आणि तिथून धावत बॅलार्ड पियरला नोकरीवर. "चार वर्षं रोज गेलो रे, पण मान वर करून एक इमारत पाहिली नाही. लक्ष सगळं घड्याळाकडे."

व्हीटीपासून हुतात्मा चौक, म्हणजे फ्लोरा फाउंटन, जेमतेम किलोमीटरभर. (सीएसएमटी म्हणा असं मी सांगून दमलो. त्यांच्यासाठी ते व्हीटीच, आणि आजोबांसाठी बोरीबंदर होतं.) मागच्या हिवाळ्यात एका ग्रुपच्या वॉकला त्यांना नेलं होतं, तर गाईड झपझप पुढे आणि आम्ही दोघं शेवटी पाणी पीत. म्हणून यावेळी आपलं आपण जायचं ठरवलंय.

थोडं वाचून ठेवलंय. फोर्टची तटबंदी १८६०च्या दशकात पाडली, मग हा रस्ता रुंद झाला. तेव्हाचा हॉर्नबी रोड. १८९६ साली नियम आला की इथे इमारत बांधायची तर तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी सोडायची. वरच्या मजल्यांवर ज्याने त्याने आपापली हौस भागवली, पण खालच्या कमानींमुळे सगळा रस्ता एका घराण्यातला वाटतो. मला हा नियम फार आवडला.

आता अडचण या कमानींचीच आहे. त्यांच्याखालून चाललं तर सावली मिळते, पण ज्या इमारतीखालून चालतोय तीच दिसत नाही. समोरून बघायची तर रस्ता ओलांडा, आणि व्हीटीच्या सबवेच्या पायऱ्या बाबांना झेपणाऱ्या नाहीत. कुठल्या बाजूने चालावं? किती वाजता? मध्ये टेकायला जागा कुठे? जे. एन. पेटिट लायब्ररीत (१८९८ची इमारत) सभासद नसलेल्यांना डोकावू देतात का? जाणकारांनी सांगावं.

फोर्टातला कारकून:
रविवारी सकाळी आठला या. ऑफिसं बंद, फेरीवाले कमी, रस्ता ओलांडायलाही जीव मुठीत धरावा लागत नाही. पूर्वेच्या बाजूने चाला. सकाळचं ऊन समोरच्या, म्हणजे पश्चिमेच्या इमारतींवर पडतं आणि तुम्ही ओवरीत सावलीत. एकाच बाजूने चाललात तर अर्धाच रस्ता बघून होईल, पण नीट होईल. भुयारी मेट्रोचं स्टेशन आता दोन्ही टोकांना आहे, तेव्हा चालत परत यायची गरज नाही. पेटिटला दारात विचारा, रविवारचा भरवसा धरू नका. टेकायचं म्हणाल तर फाउंटनपाशी.

दगडवेडी:
चालायला लागायच्या आधी व्हीटीच्या चौकातच अर्धा तास काढा. स्टेशन आणि समोरची महापालिका, दोन्ही एकाच वास्तुविशारदाची, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची. स्टेशनचं काम १८७८ ते १८८७, महापालिका १८९३. सकाळी महापालिकेच्या तोंडावर ऊन असतं आणि स्टेशनच्या तोंडावर दुपारनंतर, त्यामुळे दोन्हींचे चांगले फोटो एका फेरीत मिळत नाहीत, हे आधीच मान्य करा. स्टेशनच्या घुमटावर मशाल धरलेली बाई आहे, ती 'प्रगती'. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह म्हणजे ब्रिटन, दुसरीकडे वाघ म्हणजे हिंदुस्थान. भिंतींवरची पानंफुलं, प्राणी कोरण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. दुर्बीण न्या, छोटी असली तरी चालेल. वाटेत अग्यारी लागेल. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, तेव्हा दारात कॅमेरा घेऊन घोटाळू नका. शेवटचं फाउंटन १८६४चं. मुळात ते राणीच्या बागेसाठी होतं. आणि तिथवर पोचलात की हुतात्मा स्मारकापाशी थांबल्याशिवाय बाबा परतणार नाहीत, तो वेळ धरून ठेवा.

मीही सिद्धार्थचा:
सगळे रविवार रविवार काय करताय? रविवारी कॉलेज बंद असणार! बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेलं कॉलेज. नोकरी सांभाळून शिकलेली आमच्यासारखी किती पोरं त्या सकाळच्या वर्गांतून बाहेर पडली. कॉलेजच्या इमारतीचा, आनंद भवनचा, जिना बघायचा नसेल तर या माणसाने एवढ्या लांबून यायचं कशाला? चालू दिवशी न्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवले. रविवारी इमारती आणि सोमवारी कॉलेज, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. दुर्बीण शेजाऱ्यांकडून मिळतेय. वाघ-सिंहाचं सांगायला गेलो तर म्हणाले, "मला काय सांगतोस, त्या सिंहाखालीच तर आम्ही एकमेकांची वाट बघायचो." म्हणजे मान थोडीफार वर होत होती तर!