तो निळा अंगठा

लहानपणी गलोलीनं मारलेली चिमणी तुम्ही मोठेपणी रंगवलीत आणि विचारलंत, "यानं काही फिटतं का?" मला वाटतं फिटत नाही, तरी काढत राहा.

मी सात वर्षांची असताना रागाच्या भरात धाकट्या भावाची रंगपेटी पाण्यात बुडवली. वड्या विरघळून पाणी मातकट झालं. आईनं विचारल्यावर मी बेधडक त्याचंच नाव सांगितलं. तो वड्या वाचवायला धावला होता, त्यामुळे अंगठा निळा झालेला. तोच पुरावा ठरला. बोलणी खाताना तो तो अंगठा मुठीत लपवत होता.

गेल्या वर्षी हे रंगवायला बसले. जलरंगात चूक झाकता येत नाही, उजेडासाठी कागदाचा पांढरा आधीच राखावा लागतो. चार कागद वाया गेले. चेहरा जमेना, शेवटी फक्त मूठ काढली.

तैलरंगात खोडलेलं पुढे वर येतं, त्याला 'पेंटिमेंटो' म्हणतात. मूळ इटालियन अर्थ पश्चात्ताप! पिकासोच्या १९०३-०४ मधल्या म्हाताऱ्या गिटारवादकाच्या चित्रात मानेमागे आधीच्या बाईचा चेहरा पुसटसा दिसतो. तुमची चिमणी बिघडली तर पुसू नका, तशीच राहू द्या.

आणि एक, ज्याचा अपराध केला तो माणूस असेल तर चित्र देताना तोंडानंही सांगा. मी सांगितलं. भाऊ म्हणाला, "मला तर आठवतही नाही गं." मग चित्र बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, डावा हात होता."