फायटर मासा तळाशी पडून आहे, पंख मिटलेत. काय करू?

राजेंद्रनगरची आई
नमस्कार. मुलगा जुलैत पुण्याला शिकायला गेला आणि त्याचा निळा बेट्टा (हाच फायटर मासा) माझ्याकडे सोपवून गेला. सहा महिने छान होता. काचेला बोट लावलं की कल्ले फुलवून धावून यायचा. आता पाच दिवस झाले, तळाशी कलंडून पडलेला असतो. मध्येच वर येऊन हवा घेतो, परत खाली. पंख चिकटल्यासारखे, शेपटीची कड कातरल्यासारखी. काचेचं भांडं साडेतीन लिटरचं, स्वयंपाकघराच्या खिडकीत. दर रविवारी सगळं पाणी बदलते, खडे नळाखाली चोळून धुते. दुकानातून निळं औषध आणलं, दोन दिवस घातलं, फरक नाही. पोराला अजून कळवलेलं नाही. रात्री उठून टॉर्चने बघते.

सुदामानगरचा टाकीवाला
ताई, आधी औषध बंद करा. मासा गारठलाय. हा थायलंडकडचा, त्याला २५ ते २७ अंश लागतात. इंदुरात जानेवारीत आमच्या बादलीतलं पाणी सकाळी १७ भरतं, आणि तुमचं भांडं तर खिडकीत! गारठ्यात त्याचं अन्न पचत नाही, अंगातली ताकद जाते आणि मग पंख सडतात. वर येऊन हवा घेतो त्याची मात्र काळजी करू नका. त्याच्या डोक्यात हवा घ्यायचा वेगळा अवयव असतो, म्हणून झाकण आणि पाणी यांच्यात दोन बोटं जागा ठेवाच.

दुसरी गोष्ट सांगताना मला वाईट वाटतंय, कारण तुम्ही मनापासून करताय. ती रविवारची धुलाईच त्याला बाधतेय. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर जे जिवाणू वाढतात ते तो पचवतात. नळाखाली चोळलं की ते गेले. शिवाय आपल्या नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जिवाणूंनाही मारतं आणि माशाचे कल्लेही जाळतं.

२० लिटरची टाकी घ्या, ५० वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर आणि स्पंज फिल्टर. पाणी एकदम तापवू नका, तासाला एखादा अंश चढू द्या. आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तेव्हाच बादली भरून अँटिक्लोरीनचे थेंब घाला आणि बदलायचं पाणी टाकीइतकं कोमट झाल्यावरच ओता. पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड पाचवा हिस्सा बदला, सगळं कधीच नाही. पाणी काढण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर काच तडकते. माझ्या टाकीतला जुना स्पंज देतो, टाकीचंच पाणी भरलेल्या पिशवीत घालून न्या. वाळला की त्यातले जिवाणू मेले.

बडोद्याचा मत्स्यप्रेमी
हीटर कशाला, वर ६० वॅटचा बल्ब लावा. मी तेच करतो.

सुदामानगरचा टाकीवाला
दादा, रात्री बल्ब विझवला की पाणी पुन्हा गार. ही वरखाली त्याला सतत गार राहण्याइतकीच त्रासाची. आणि रात्रभर जळता ठेवला तर मासा झोपणार कधी?

रामबागेतली
खायला काय देता काकू? रोज सुक्या अळ्या देत असाल तर थांबवा, पोट फुगतं. दोन दिवस उपास, मग सकाळ-संध्याकाळ दोन-दोन दाणे, बस. देशी बदामाचं गळून पडलेलं, वाळून तपकिरी झालेलं एक पान धुऊन टाका. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका, त्याला मानवतं. औषध फवारलेल्या झाडाचं मात्र नको.

राजेंद्रनगरची आई
आज दहावा दिवस. टाकी आणली, स्पंज आणला (भाऊ, पाण्यात बुडवूनच आणला, खूप आभार). आता २६ अंश. चौथ्या दिवशी तो हीटरजवळ येऊन तरंगायला लागला, सहाव्या दिवशी दाणा घेतला. काल भिंग लावून बघितलं, शेपटीच्या फाटक्या कडेला पापुद्र्यासारखी अगदी पारदर्शक पट्टी आलीय, निळा रंग नाही तिला. हे बरं होणं की आणखी काही?

सुदामानगरचा टाकीवाला
नवा पंख असाच काचेसारखा येतो, ताई. रंग मागाहून भरतो. कड काळी किंवा लालसर झाली तर लगेच फोटो टाका.

राजेंद्रनगरची आई
डोळ्यांत पाणी आलं वाचून. आज पोराला फोन करून सगळं सांगते. आणि ते बदामाचं पान मऊ पडलंय, काढून दुसरं घालू का?