अनुभव धागा: आमची आवय

पौष लागला की आईची आठवण जास्तच येते. गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आई त्याआधीच गेली. दाखले आम्हा मुलांच्या हाती आले, धालोची गाणी, पौषात बायका नाचत म्हणतात ती, मात्र तिच्याबरोबर गेली. तुमच्या आवयबद्दल लिहा. 'थोर माउली' वगैरे नको, ती काय करायची ते सांगा.

रानवाट, काणकोण
आम्ही वेळीप, खोतीगावच्या बाजूचे. आजोबा कुमेरी करायचे: उतारावरचा झाडोरा तोडायचा, वाळला की जाळायचा, राखेत नाचणी पेरायची. १९६८ साली तिथे अभयारण्य झालं. पुढे कुमेरी सुटली, पण आवयची शेती सुटली नाही. परसात कणगां (कंदमूळ) लावायची. लावणीचे कंद वेगळे काढून ठेवलेले असत, घरात काही नसलं तरी त्यांना हात लावायचा नाही. एका पावसाळ्यात मी त्यातलं एक भाजून खाल्लं. ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी मला एकट्याला शेजारच्या वाड्यावर पाठवलं, "एक कंद मागून हाड (आण), कित्याक जाय (कशाला हवा) तें सांग." काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, पण ती वाट अजून पायांना आठवते.

न्हाणीचा दगड, सांगे
माझ्या आईचं सासर कुर्डी. साळावली धरणात गाव गेलं आणि आम्ही वाडे-वालकिणीला आलो. मे महिन्यात पाणी उतरलं की गावकरी परत तिथे जातात. आम्ही देवळाकडे जायचो, आई आधी घराच्या जोत्याकडे. न्हाणीचा दगड शोधायचा, गाळ बाजूला करायचा आणि अंगण होतं तेवढी जागा झाडायची. वाढवण (झाडू) आठवणीनं घरून न्यायची! एकदा मी चिडून म्हटलं, महिन्याभरात पाणी येणार, कशाला झाडतेस? "आयज सुकें आसा मगे," म्हणाली आणि झाडत राहिली.

फोंड्याची
आमच्या गावड्यांतली काही घरं १९२८ च्या शुद्धीकरणात हिंदू झाली, काही ख्रिस्तीच राहिली. आईचं आजोळ ख्रिस्ती. चवथीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या तिकडे जायच्या, नाताळला दोदोल (गूळ-नारळाची मिठाई) इकडे यायचा. डबा कधीच रिकामा परत जायचा नाही. (हल्ली कुणबी साडी फॅशन शोमध्ये दिसते. दिसू दे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र लावणीच्या चिखलात गुडघ्याच्या वर खोचलेलीच येते.)

मांडाबाहेरचा, केपे
धागा काढणाऱ्यांनी धालोचं लिहिलंय म्हणून. आमच्याकडे मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या पवित्र जागी, बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात, गात पुढे-मागे झुलतात. पुरुषांनी दुरूनच ऐकायचं. आईचं वय झालं तसा मी मोबाइल पुढे केला, दोन ओळी तरी म्हण. नाही म्हणाली. गाणं मांडावरचं, घरात म्हणायचं नाही.
"मग शिकणार कोण?"
"सुनेक धाड."
बायको बँकेत नोकरीला, माहेर पणजीचं. मांडावर पहिल्या रात्री तिचे पायच जुळेनात, आई हसून हसून बेजार. आई गेल्याला तीन वर्षं झाली. या पौषातही बायको मांडावर होती. मी पडवीत बसून ऐकत होतो. एका गाण्यात शेवटचा शब्द ती ओढते, तो अगदी आईसारखा. तिला अजून सांगितलेलं नाही.