अनुभव धागा : ग्रीसच्या छोट्या बेटांमधला बोटप्रवास

चिंचबन
काल भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला गेलो, गाडी खाली लावून वर आलो तर शेजारचे एक काका नातवाला सांगत होते की ही बोट ग्रीसमध्ये बांधलेली आहे. झालं, अलिबागचं काम राहिलं बाजूला आणि डोक्यात ग्रीसच्या नाक्सोस बेटाचा धक्का सुरू. सँटोरिनी-मिकोनोसवर भरपूर लिहिलं गेलंय, मला ऐकायचंय ते छोट्या बेटांबद्दल. नाक्सोसच्या दक्षिणेला आणि पूर्वेला इराक्लिया, स्खिनूसा, कुफोनिसी, दोनुसा अशी बेटं आहेत, त्यातल्या काहींवर वर्षभर राहणारी माणसं दोनशेसुद्धा नाहीत. तिथे जाते ती एक्स्प्रेस स्कोपेलिटिस, नावात एक्स्प्रेस असली तरी छोटीशी जुनी बोट, आमोर्गोस बेटावरून सकाळी नाक्सोसला येते आणि दुपारी एकेक बेट घेत परत जाते. कुफोनिसीला पोचायला दोन-अडीच तास लागतात. आम्ही दोघं मागच्या डेकवर बसलो होतो. इराक्लियाला बोट लागली तेव्हा खलाशाने सुतळीने बांधलेला एक खोका धक्क्यावर ठेवला, वर पेनाने नुसतं नाव लिहिलेलं. ना सही ना पावती. एक आजी आल्या, नाव वाचलं, खोका काखेत मारला आणि चालू पडल्या. बायको म्हणाली, ही बोट यांच्या घरातलीच आहे. मला तो सगळा प्रवास त्या एका खोक्यामुळे लक्षात आहे. तुम्ही गेला असाल तर लिहा ना, कुठल्याही दोन बेटांमधलं चालेल.

ओवी_ठाणे
पारोस ते अँटीपारोस! पारोसवरच्या पुंटाच्या धक्क्याहून जेमतेम १० मिनिटं, बसायच्या आत उतरायची वेळ. पूर्वी म्हणे पलीकडच्या नावाड्याला बोलवायचं तर पुंटाच्या छोट्या देवळाचं दार उघडं ठेवायचे, ते दिसलं की तो होडी घेऊन यायचा. आमच्या वेळी त्या खाडीत काइट सर्फिंगवाल्यांचे रंगीबेरंगी पतंगच पतंग होते, माझा मुलगा उतरायलाच तयार नव्हता, आम्ही त्याच्यासाठी परत एक फेरी मारली. बाकी नंतर लिहिते, कुकर लावायचाय.

दर्यागडी
जहाजावर असतो, अथेन्सच्या पिरेयस बंदराला बऱ्याचदा जाणं होतं आणि सुट्टीत घरच्यांना घेऊन बेटांवरही गेलोय. बहुतेकांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते म्हणून लिहितो. मोठी फेरीबोट बेटाला लागताना बघा, पुढून नांगर सोडतात, गर्रकन वळतात आणि मागे मागे येत धक्क्याला पाठ लावतात, रॅम्प तर आधीच खाली यायला लागलेला असतो. दोर टाकले, गाड्या-माणसं खाली, दुसऱ्या वर, की निघाले. काही मिनिटांचा खेळ. तिकडच्या एजियन समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच त्यामुळे दगडी धक्का आणि रॅम्प यांची उंची दिवसभर जुळते. आपल्याकडे मुंबईत मोठ्या उधाणाला हा फरक ४ मीटरच्या वर जातो, तिथे असला सरळ हिशोब चालत नाही. आणि त्या कप्तानांना माझा मनापासून सलाम, आडवा वारा असताना एवढ्याशा बंदरात पाठ लावणं सोपं काम नाही.

चिंचबन
@दर्यागडी वा, हे माहीत नव्हतं. वाऱ्याबद्दल पण लिहा की.

मोगरा७
वाऱ्याबद्दल मी लिहिते!! मेल्तेमी!!! जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून येतो, आकाश निळंशार, ऊन कडक, ढगाचा पत्ता नाही आणि समुद्र नुसता उसळलेला. आपल्याला सवय काय, वादळ म्हणजे काळं आभाळ आणि पाऊस, त्यामुळे आईबाबांना पटतच नव्हतं की एवढ्या छान हवेत बोट रद्द कशी. वारा ठरावीक बोफोरच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) वर गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत, छोट्या आणि वेगवान बोटी आधी बंद होतात. आम्ही आमोर्गोसला अडकलो, आमच्या बोटकंपनीने मेसेज पाठवला तो बोटीची वेळ टळून गेल्यावर. पण घरमालकीणबाईंनी खोली ठेवली, जास्तीचे पैसे घेतले नाहीत, वर बाबांसाठी लिंबं आणून दिली. दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हाही बोट अशी काही हलत होती की अर्धी बोट कागदी पिशव्या धरून बसलेली. बाबांना बोट लागते, त्यांनी पूर्ण वेळ डोळे मिटून रामरक्षा म्हटली. समोर एक ग्रीक आजोबा बसले होते, तेही हातात माळ घेऊन पुटपुटत होते. उतरताना दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरला, भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नाही. माझ्याकडे तो फोटो आहे, बाबा गेल्यापासून फ्रिजवर लावलाय.

ओवी_ठाणे
@मोगरा७ डोळ्यात पाणी आलं गं. काळजी घे.

पुणेरी_भटकी
मोगरा, मिठी तुला.
बोट लागणाऱ्यांसाठी : आलेपाक न्या, मधल्या भागात खालच्या मजल्यावर बसा, मोबाइल बघू नका आणि रिकाम्या पोटी जाऊ नका.

कोथिंबीरवडी
आलेपाक सातारचा मिळाला तर बघा. घरी करायचा असेल तर आलं जून घ्यायचं नाही, रेषा लागतात. किलोला साखर किती घेता कुणी सांगेल का, माझा कडक होतो फार.

सांजवेळ
मिलोस ते किमोलोस. मिलोसवरच्या पोलोनियाहून उघडी फेरीबोट, अर्धा तास, गाडीत बसून राहिलात तरी चालतं पण बसू नका, वर या. किमोलोसच्या प्साथी बंदराला उतरलं की वर गावापर्यंत चढण आहे. तिथे बेकरीत लादेनिया मिळते, जाड पावावर टोमॅटो, कांदा आणि भरपूर ऑलिव्ह तेल, शाकाहारी मंडळींनी डोळे मिटून घ्यावी. आमच्याबरोबर बोटीत एका दुकानदाराचा टेम्पो होता, पाण्याच्या बाटल्या, बटाट्याची पोती आणि एक नवीकोरी वॉशिंग मशीन. मुलीने विचारलं, यांच्या बेटावर काहीच मिळत नाही का? सासूबाई म्हणाल्या, मिळतं की, बोट आली की सगळं मिळतं.

म्युनिककर
@सांजवेळ हो हेच. आम्ही मुद्दाम मार्चमध्ये गेलो होतो दोनुसाला, पर्यटक नाहीतच. सीझनमध्ये बोटी भरभरून जातात पण थंडीत अशा बेटांवर जाणं बोटवाल्यांना परवडत नाही, म्हणून तोट्यातल्या मार्गांना सरकार पैसे देतं, त्यांना तिकडे आगोनी ग्रामी म्हणतात. ते बंद पडलं तर ही गावं उठतील, औषधापासून सगळं त्याच बोटीवर. तोटा तोटा म्हणून जे ओरडतात त्यांनी एकदा जानेवारी-फेब्रुवारीत तिथल्या धक्क्यावर उभं राहावं. स्खिनूसाचा फावा खाल्ला का कुणी? पिवळ्या डाळीचा, वरून कच्चा कांदा, लिंबू, तेल. आईने पहिल्या घासाला भात मागितला.

नाना_रत्नांग्री
आमची लेक यंदा ऑगस्टात जातेय म्हणते, तिला काय सांगू?

मोगरा७
@नाना_रत्नांग्री काका, १५ ऑगस्टला तिकडे मेरीचा मोठा सण असतो, सगळे आपापल्या बेटावर जातात, बोटी तुडुंब. तिकीट आत्ताच काढायला सांगा आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवायला सांगा, वाऱ्याचा भरवसा नाही.

नाना_रत्नांग्री
सांगतो हो. आणि ते रामरक्षेचं वाचून बरं वाटलं.

ठाकूरद्वार
मांडव्याच्या रो-रोला शनिवारी सकाळी गाडीची जागा मिळते का ऐनवेळी? वडखळचा ट्रॅफिक नको झालाय.

चिंचबन
@ठाकूरद्वार शनिवारी आधी बुक करूनच जा.

कोथिंबीरवडी
आलेपाकाचं प्रमाण राहिलंच?

पुणेरी_भटकी
सासूबाईंना विचारून रात्री टाकते.