ओडा चॅपेल: स्वयंपाकघराच्या भिंतीत ११व्या शतकाची वास्तू कशी ओळखली?

प्रश्न:
इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात, सेव्हर्न नदीजवळच्या डिअरहर्स्ट गावातले ओडा चॅपेल (लहान ख्रिस्ती प्रार्थनागृह) कित्येक पिढ्या एका शेतघरात गडप झालेले होते. त्याच्या मुख्य दालनात स्वयंपाक होत असे आणि वेदीच्या लहान कक्षात झोपण्याची खोली होती, असे वाचनात आले. १९व्या शतकात गिलावा पडून जुने बांधकाम उघडे झाले, तेव्हा ते १०६६मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांच्या आधीचे आहे हे कशावरून ठरले? आणि जीर्णोद्धारात लगतचे घर तसेच का ठेवले असावे?

प्रतिसाद १:
आधी कोपरे पाहावेत. एक लांबट दगड उभा, त्यावर एक चपटा दगड आडवा आणि भिंतीत खोल गेलेला, त्यावर पुन्हा उभा, ही रचना सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांच्या आधीच्या इंग्लंडमधल्या, गवंड्यांची ओळखीची खूण आहे. दालन जेमतेम ५ मीटर रुंद असूनही भिंती जवळजवळ तितक्याच उंच आहेत, त्यामुळे आत शिरल्यावर खोली अरुंद आणि ताठ उभी असल्यासारखी वाटते. खिडक्यांची भोके भिंतीच्या मध्यावर चिंचोळी असून आत आणि बाहेर दोन्ही अंगांनी पसरत जातात. मला मात्र सर्वांत बोलकी वाटते ती दोन खोल्यांमधली अर्धवर्तुळाकार कमान, कारण स्वयंपाकघराला अशा कमानीचे काहीच काम नव्हते.

प्रतिसाद २:
शैलीवरून काळ ढोबळमानाने कळतो. नेमके वर्ष कळले ते शिलालेखावरून. १६७५मध्ये जवळच्या फळबागेत एक लॅटिन शिलालेख सापडला होता. आपला भाऊ एल्फ्रिक याच्या आत्म्यासाठी अर्ल (बडा सरदार) ओडाने ही वास्तू बांधवली आणि १२ एप्रिल १०५६ रोजी तिचे समर्पण झाले, असा त्याचा आशय आहे. चॅपेलचा पत्ताच नसल्याने तो लेख गावातल्या मोठ्या चर्चचा समजला गेला. गंमत अशी, की लेखात या इमारतीला ‘राजसभागृह’ अशा अर्थाचा शब्द आहे. मूळ शिळा आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. घराचा मुद्दा मात्र राहिला.

प्रतिसाद १:
ते लाकडी चौकटीचे घर वेदीकक्षाच्या बाजूने चॅपेलला चिकटलेले आहे आणि स्वतःही जुने आहे. ते पाडले असते तर चॅपेल सुटे, नीटनेटके दिसले असते, पण ते इतकी शतके टिकले कसे याचा पुरावाच नाहीसा झाला असता: ज्या भिंतींवर राहत्या घराचे छप्पर टेकलेले असते, त्यांचे दगड कोणी उपसून नेत नाही.