म्यूल (वेगवेगळी सॉफ्टवेअर जोडणारं प्लॅटफॉर्म) ४.४ वरून ४.९ वर जाताना ॲप चढतच नाही

पणजीवाला: आमच्याकडे हॉटेलांची बुकिंग्ज अकाउंटिंगमध्ये नेणारे फ्लो क्लाउडहबवर (म्यूलच्या क्लाउडवर) आहेत, रनटाइम (फ्लो चालवणारं म्यूलचं इंजिन) ४.४ चा ४.९ केला आणि सँडबॉक्सवर (चाचणीच्या जागेवर) ॲप डिप्लॉयच होईना, म्हणजे चढेचना, लॉगमध्ये इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन येतंय, नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आत हे संपवायचंय, कोणी केलंय का?

फोंडेकर: अरे ४.९ फक्त जावा १७ वर चालतं! तिथे रिफ्लेक्शनने (कोड चालताना दुसऱ्या क्लासच्या आत डोकावून) जावाच्या आतल्या क्लासांना हात लावता येत नाही, म्हणून ते एक्सेप्शन. पॉम फाइल (ॲपला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी) उघड, कनेक्टर (बाहेरच्या सिस्टिमशी जोडणारे तयार भाग) जुने असतील तर आधी ते बदल. आणि एकदम उडी मारू नको बाबा, ४.६ वर जावा ८ नि १७ दोन्ही चालतात, आधी तिथे जा, टेस्ट कर, मग जावा १७ लाव.

मडगावकर: एरर हँडलरपण (चूक झाली की चालणारा भाग) बघ, एरर डॉट म्यूलमेसेज लिहिलं असेल तर एरर डॉट एररमेसेज करावं लागतं, हे डिप्लॉयला कळतच नाही, बुकिंग फेल झालं की मगच कळतं.

पणजीवाला: सापडलं! आम्हीच तारखेसाठी लिहिलेला जावा क्लास होता, तो काढून डेटावीव्हमध्ये (म्यूलच्या स्वतःच्या भाषेत) केलं, ॲप चढलं. हँडलर आज रात्री बघतो, देव बरें करूं दोघांना.